प्लिमथ, डॉज, शेवरोले: बडोद्यात पहिली जुनी अमेरिकन गाडी घेताना

मस्टँगचं स्वप्न आधी बाजूला ठेवा. ती अमेरिकेत बाजारात आली १९६४ मध्ये, आणि तोवर भारतात अमेरिकन मोटारी जुळवणारे कारखाने बंद पडले होते किंवा दुसऱ्या गाड्यांकडे वळले होते. इथे दिसणाऱ्या मस्टँग बहुतेक मागाहून कुणीतरी खासगीत आणलेल्या, आणि किंमत अशी की तिच्यावर काम शिकणं नवशिक्याला परवडत नाही. बडोद्यात राहून जुनी अमेरिकन गाडी बाळगायची असेल, तर आजोबांच्या काळात डॉक्टर, वकील आणि कापसाचे व्यापारी जी चालवायचे ती घ्या. प्लिमथ, डॉज, डिसोटो, शेवरोले. जमलंच तर फोर्ड. चार दारांची, साधी, दिसायला जरा बोजड.

सगळ्या लेखाचं सूत्र इथेच सांगून टाकतो. जे अमेरिकेत आजही विकत मिळतं ते गाडीत नसलं तरी चालेल. जे फक्त इकडच्या गाडीत होतं ते गाडीसोबत असलंच पाहिजे. इंजिनाचे पिस्टन, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर, पाण्याचा पंप हे सगळं तिकडे नवं बनतं आणि फोनवरून मागवता येतं. उजव्या हाताच्या स्टिअरिंगचा खोका, उजव्या बाजूचा डॅशबोर्ड, पेडलांची जोडणी हे अमेरिकेत कधी रस्त्यावर नव्हतंच, मग मिळणार कुठून? बाजारात नवखा माणूस नेमकं उलट करतो. इंजिन ‘एका सेल्फात’ चालू झालं की खूश होतो आणि अर्धा डॅशबोर्ड गायब आहे याकडे बघत नाही.

कुठली गाडी, आणि तिचं खरं नाव काय

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळवणीचा कारखाना काढला. फोर्ड त्याआधीच आली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवायला घेतल्या. हिंदुस्थान मोटर्सची सुरुवात तर १९४२ मध्ये आपल्याच ओखा बंदरावर झाली. पुढे कारखाना बंगालात उत्तरपाड्याला गेला, पण स्टुडबेकर गाड्या त्यांनी जुळवल्या. मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसती जुळवणी पुरे, इथे भाग बनवणार असाल तरच थांबा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी वर्षभरात गाशा गुंडाळला. त्यामुळे आपल्या आवाक्यातली जी अमेरिकन गाडी इथे सापडते ती साधारण १९३० ते १९५५ मधली आणि उजव्या स्टिअरिंगची असते.

प्रीमियरच्या गाड्यांत एक मेख आहे. ती माहीत नसेल तर सुटे भाग शोधण्यात वर्ष जाईल. बॉनेटवर ‘डॉज किंग्जवे’ लिहिलेलं असतं. अमेरिकन विक्रेत्याला किंग्जवे सांगितलं की तो सहसा गोंधळतो, कारण किंग्जवे म्हणजे निर्यातीसाठी डॉजचं नाव आणि नाक लावलेली प्लिमथ. डिसोटो डिप्लोमॅटचंही तेच. म्हणून भाग मागवताना त्याच वर्षाच्या प्लिमथचे मागवा. पत्रा, काचा, ब्रेक, गिअरबॉक्स बहुतेक सगळं जुळतं. नाकावरची जाळी आणि बिल्ले मात्र त्या-त्या गाडीचे. ते हजर आहेत का हे घेतानाच बघा.

दुसरी मेख इंजिनात. क्रायस्लर कंपनीची सहा सिलिंडरची साइड व्हॉल्व्ह इंजिनं (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये) दोन लांबीत बनली. अमेरिकेतल्या प्लिमथ आणि डॉजचं हेड सुमारे २३ इंची. कॅनडात बनलेली इंजिनं आणि डिसोटो-क्रायस्लरची मोठी इंजिनं २५ इंची. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. हेडचं पॅकिंग एकाचं दुसऱ्याला बसत नाही. आपल्याकडे सत्तर वर्षांत कुणी कुठलं इंजिन कुठे बसवलं याचा भरवसा नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी टेप लावून मोजा आणि ब्लॉकवर डाव्या बाजूला, डायनामोच्या वर ठोकलेला नंबर वाचा. ‘पी १५’ने सुरू होत असेल तर १९४६ ते १९४९च्या सुरुवातीपर्यंतची प्लिमथ, ‘डी २४’ असेल तर त्याच काळातली डॉज.

शेवरोले घेत असाल तर १९३७ ते १९५२ मधल्या गाड्यांत २१६ घनइंचाचं इंजिन मिळेल. चालायला गोड, पण आतली तऱ्हा जुनी. कनेक्टिंग रॉडना ऑइल पूर्ण दाबाने मिळत नाही. रॉडच्या टोकाचे चमचे खालच्या पन्हाळीतून ऑइल उचलतात. बेअरिंगही आजच्यासारखं सुट्या पाळ्यांचं नाही, रॉडमध्येच व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतलेलं असतं. ते ओतून, बोअर करून, शिम लावून बसवणारा कारागीर आज हजारात एक. क्रायस्लरच्या इंजिनात पाळ्या बदलता येतात. पहिल्या गाडीसाठी माझं मत म्हणून प्लिमथ-डॉजला. शेवरोलेवाले मित्र यावर भांडतील, भांडू देत.

बघायला जाताना

सोबत लोहचुंबक, टॉर्च, आरसा आणि जुने कपडे घ्या. पुट्टीखाली किती पत्रा उरलाय ते चुंबक सांगतं. डिकीचा तळ, मागच्या मडगार्डची खालची कड, दारांचा खालचा भाग आणि पुढच्या पायाखालची फळी इथे गंज सगळ्यात आधी लागतो. पत्रा गंजलेला असला म्हणून घाबरू नका. आपल्याकडे हाताने पत्रा ठोकून आकार देणारे मिस्त्री अजून आहेत. चॅसीला पडलेली भोकं किंवा वाकडेपणा असेल तर मात्र नमस्कार करून निघा.

काच बघा. दोन सपाट तुकड्यांची पुढची काच असेल तर लॅमिनेटेड काचेतून इथेच कापून मिळते. एकसंध वळणाची काच फुटलेली असेल, तर तिचा समुद्रमार्गाने येण्याचा खर्च काचेपेक्षा जास्त होतो. तिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या शेवरोलेत पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. दार उघडून वर-खाली हलवा. ते खाली बसत असेल तर लाकूड कुजलंय. त्या कामाला सुतार लागतो, डेंटर नव्हे.

यादी करा आणि फोटो काढा: स्टिअरिंग खोका, डॅशबोर्डवरचे काटे, दारांची हँडलं, काच खाली-वर करायची यंत्रं, बंपर, हबकॅप, बॉनेटवरचं चिन्ह, दिव्यांच्या रिंगा. यातलं प्रत्येक गायब नग म्हणजे पुढचे सहा महिने. अंगणात चिंचेखाली उभी असलेली, धूळ खाणारी पण पुरी गाडी ही लाल रंग मारून चकाचक केलेल्या अर्ध्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

आणि इंजिन मूळचंच आहे ना? पेट्रोल महागल्यावर अशा कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली, टॅक्सी म्हणून पळाल्या. चालायला ठीक, पण पुढे कागदपत्रात ती अडचण होते.

कागद

गाडी आवडली की दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे न देता कागद मागा. मूळ आरसी बुक, मालकाचं नाव, मालक हयात नसेल तर वारसांची संमती, आणि बुकातले चॅसी-इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. चॅसी नंबर रंगाच्या थरांखाली दडलेला असतो. घासून काढायला सँडपेपर न्या, ग्राइंडर नाही. पुसट नंबर ग्राइंडरने गेला की गाडी कागदावरून गेली.

जुनं पुस्तक असलं तरी ती नोंद आरटीओच्या संगणकात असेलच असं नाही. नसेल तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्यावी लागते, मगच नावावर करणं. विकणाऱ्याने ‘नंतर होऊन जाईल’ म्हटलं तर हसून म्हणा, आधी होऊ द्या.

२०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. अर्ज फॉर्म २० वर. सोबत विमा, फी, जुनी आरसी, आणि गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काचा आयातीचा कागद. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि मुदत १० वर्षं. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि मी म्हणेन ठेवाच. मुंबई राज्याच्या काळातला नंबर असलेली गाडी दिसली की जुने बडोदेकर स्कूटर थांबवून बघतात.

ही नोंदणी घेतली की गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, तांत्रिक अभ्यास एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. रविवारी बायको-मुलांना घेऊन आजव्याला जायची हौस असेल तर साधी नोंदणी चालू ठेवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणं सोयीचं. दोन्हींचा हिशोब आधी मांडा. विम्यात व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात सवलत आहे; एजंटला आठवण करून द्यावी लागते.

आख्खी गाडी परदेशातून आणायचं म्हणाल, तर पूर्वी १९५० च्या आधीच्याच गाड्यांना वाट होती, २०२५ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ती मोकळी झाली. पण सीमाशुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त होतात. पहिली गाडी तरी इथलीच घ्या.

घरी आल्यावर: आधी थांबणं

सगळ्यांना इंजिन चालू करायची घाई असते. मी ब्रेकपासून सुरू करा म्हणतो. या गाड्यांचं वजन दीड टनाच्या घरात आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकच, एकाच लाइनचा. एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, पेडल थेट जमिनीला.

क्रायस्लर घराण्यातल्या गाडीचं चाक काढताना एक लक्षात ठेवा: डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की ते सुटतात. बोल्टच्या डोक्यावर बऱ्याचदा रोमन ‘एल’ ठोकलेला असतो, पण गंजाखाली दिसत नाही. पंक्चरवाल्याला आधी सांगितलं नाही, तर तो पाइप लावून, पान्यावर उभा राहून, नेहमीच्या दिशेने जोर काढेल आणि बोल्ट तुटून हबमध्ये अडकेल. डाव्या मडगार्डच्या आत रंगाने लिहून ठेवा, ‘उलटे आटे’. गुजरातीतही लिहा.

मागचा ड्रम काढायला खास पुलर लागतो, कारण तो निमुळत्या अ‍ॅक्सलवर चावीसकट घट्ट बसलेला असतो. ड्रमच्या कडेवर हातोडा मारणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि घरी पाठवा. कड तुटते, ड्रम सुटत नाही. मकरपुरा जीआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडून जाड पत्र्याचा, हबच्या बोल्टना धरणारा पुलर करून घ्या. मधला बोल्ट कडक पिळा, टोकावर एक सणसणीत घाव घाला आणि बाजूला उभे राहा. कधीकधी तो रात्रभर ताण देऊन ठेवल्यावर सकाळी आपसूक ‘ठाण्’ करून सुटतो. म्हणून अ‍ॅक्सलची नट पूर्ण काढायची नाही, टोकावर दोन आटे राहू द्यायची, नाहीतर ड्रम उडून पायावर येईल.

आत व्हील सिलिंडर गंजून खड्डे पडलेले असतील. होन मारून (आतून घासून) खड्डे जात नसतील तर स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह घालून घ्या. हे काम बडोद्यात उत्तम होतं. रबरं नवी, लवचीक नळ्या नव्या, पाइप नवे. पाइपाची टोकं दुहेरी फ्लेअरची, म्हणजे पसरवून दुमडलेली, करून घ्या. एकेरी फ्लेअर आज गळत नाही, उद्या चिरतो.

हँडब्रेक क्रायस्लर घराण्यातल्या या गाड्यांत चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. गाडी उभी ठेवण्यासाठीच तो आहे. चालत्या गाडीत ओढलात तर शाफ्ट आणि गिअरबॉक्स दोन्हींचा जीव जातो.

पाने

या गाडीवर मिलिमीटरचे पाने चालवू नका. अर्ध्या इंचाची नट म्हणजे १२.७ मिलिमीटर, १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटरचा खेळ असतो आणि गंजलेल्या नटचे कोपरे गोल करायला तेवढा पुरतो. ९/१६ म्हणजे १४.३, तिथे १४ जात नाही आणि १५ फिरतो. गॅरेजमध्ये ‘इंची सेट आहे’ म्हणतात तो कधीकधी जुन्या ब्रिटिश गाड्यांचा व्हिटवर्थ निघतो, त्याची मापं आणखी वेगळी. एक चांगला अमेरिकन मापाचा गोटी सेट आणि रिंग पाने आपलेच हवेत, आणि ते शेजाऱ्याला द्यायचे नाहीत.

सहा व्होल्ट

शेवरोले १९५५ मध्ये १२ व्होल्टवर गेली, फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्या १९५६ मध्ये. त्याआधीच्या सगळ्या सहा व्होल्टच्या. त्यातही फोर्ड, प्लिमथ, डॉजमध्ये बॉडीला धन टोक जोडलेलं असतं, शेवरोलेत ऋण. बॅटरीवाला सवयीने ऋण टोक बॉडीला जोडून मोकळा होतो. मग अँपिअरचा काटा उलटा फिरतो, डायनामो आणि कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) भांडतात, स्पार्क कमजोर पडतो. चूक सुधारल्यावर डायनामो पुन्हा पोलराइज करावा लागतो, म्हणजे त्याला क्षणभर योग्य दिशेने विजेचा स्पर्श द्यायचा. जुना ऑटो इलेक्ट्रिशियन हे डोळे मिटून करतो.

सेल्फ हळू फिरला की गॅरेजमधून एकच सल्ला येतो: “साहेब, बार व्होल्टनी बॅटरी नाखी दो ने!” म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी टाका. ऐकू नका. निम्म्या व्होल्टेजला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो. ४५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर खातो, सहावर साडेसात. सेल्फचं तर विचारूच नका. आणि गाडीत कुणीतरी मारुतीची बारीक केबल बसवलेली असते. बोटाएवढी जाड, वेल्डिंग मशिनची तांब्याची केबल टाका. इंजिनापासून चॅसीला आणि चॅसीपासून बॅटरीला अर्थ द्या, दोन्ही जागचा रंग खरवडून पत्रा उघडा करा. नव्वद टक्के गाड्यांचा सेल्फ तेवढ्यावर सुधारतो. नवं हार्नेस (वायरींचा जुडगा) ओवताना मूळच्यासारखी कापडी वेष्टनाची वायर मिळाली तर छान, नाहीतर निदान रंगांचा नकाशा काढून डॅशबोर्डमागे चिकटवून ठेवा.

इंजिन जागं करणं

अनेक वर्षं बंद असलेल्या इंजिनाला ढकलून किंवा ओढून चालू करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल घाला, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पुढून हँडलने हाताने फिरवा. फिरतंय पण एखाद्या सिलिंडरला दाब नाही, तर साइड व्हॉल्व्ह इंजिनात बहुधा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असतो. रॉकेल-ऑइल टाकत, वर-खाली करत सुटतो. इग्निशनचा क्रम १-५-३-६-२-४; डेल्कोचं (डिस्ट्रिब्यूटरचं) झाकण काढताना वायरींना चिठ्ठ्या लावा.

ऑइल पॅन उतरवून आतला गाळ खरवडल्याशिवाय नवं ऑइल भरू नका. आजचं ऑइल सफाई करतं. जुना गाळ सुटून जाळीत बसला की ऑइल प्रेशर शून्य.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विशेषतः आपल्या मे महिन्यासाठी. क्रायस्लरच्या या इंजिनांत ब्लॉकच्या आत, पाण्याच्या पंपामागे, पुढून मागेपर्यंत एक लांब चपटी पत्र्याची नळी असते. तिला भोकं असतात, आणि त्यांतून थंड पाणी प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. सत्तर वर्षांत ती सडून जाते. मग सगळं पाणी पुढच्या पुढेच फिरतं. पाचवा-सहावा सिलिंडर भाजून निघतो. लोक रेडिएटर बदलतात, पंखा बदलतात, थर्मोस्टॅट काढून फेकतात, गाडी तापतच राहते. नळी बघायला पंप आणि रेडिएटर काढावं लागतं. सडलेली नळी सरळ येत नाही. आकडा करून, तुकड्यातुकड्याने ओढावी लागते, अर्धा दिवस जातो. त्याच वेळी ब्लॉकच्या बाजूचे प्लग ठोकून काढा आणि आतली माती तारेने, पाण्याच्या जोराने धुवा. मागच्या कोपऱ्यातून चहाच्या गाळासारखा लाल चिखल निघतो, दोन-तीन वाट्या सहज. नवी नळी अमेरिकेत मिळते. पितळेची मागवा, लोखंडाची नको.

पेट्रोलचं म्हणाल तर आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी, पंपाचा पडदा, बुचाचं पॅकिंग याने फुगतं, सुटतं. इंधन लागणारं सगळं रबर इथेनॉल सोसणारं घाला आणि पावसाळ्याआधी टाकी अर्धी-मुर्धी भरून सोडू नका; इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. शिशाविना पेट्रोलची काळजी प्लिमथ-डॉजवाल्यांनी करू नये, एक्झॉस्टच्या सीट मूळच्याच कडक धातूच्या आहेत. उन्हात सिग्नलला गाडी बंद पडून लगेच सुरू होत नसेल तर पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं टाका, पाच मिनिटं थांबा. आजोबाही तेच करायचे.

भाग मागवणं

बडोद्यात प्रत्येक दुसऱ्या घरातलं कुणीतरी न्यू जर्सीत असतं, ही आपली मोठी सोय. छोटे भाग, पॅकिंग सेट, पॉइंट, कंडेन्सर त्यांच्या पत्त्यावर मागवून बॅगेतून येतात. पण आतेभावाला अडचणीत आणू नका: वापरलेला कार्बोरेटर किंवा पेट्रोल पंप, ज्याला इंधनाचा वास आहे, विमानात चालत नाही. स्प्रेचे डबेही नाहीत. बॅगेत जड लोखंडाचे तुकडे असतील तर बिल वरच ठेवायला सांगा.

उजव्या स्टिअरिंगचे भाग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत शोधा. तिकडेही याच गाड्या उजव्या हाताच्या गेल्या. एक सावधगिरी, ऑस्ट्रेलियात बऱ्याच अमेरिकन गाड्यांच्या बॉड्या स्थानिक बनावटीच्या होत्या. स्टिअरिंग जुळेल, दार जुळेलच असं नाही.

टायरचं सोपं आहे. १६ इंची रिमला ६.००-१६ म्हणजे जुन्या जीपचं माप, ते मिळतं. त्याच मापाचा ट्रॅक्टरचा पुढचा टायर स्वस्तात पुढे करतील, तो रस्त्याच्या वेगासाठी नाही. १५ इंची रिमला ६.७०-१५ ऐवजी बोलेरोचा २१५/७५ आर १५ जवळपास त्याच उंचीचा आहे. आत ट्यूब घाला, जुनी रिवेटची रिम हवा धरत नाही.

रंग-रूप सगळ्यात शेवटी

गाडी पाचशे किलोमीटर नीट धावल्याशिवाय रंगाला हात लावू नका, नाहीतर नव्या रंगावर पाना पडणारच. रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत; पावसाळी दमट हवेत ड्युको रंगावर पांढुरकी झाक येते. जाळी, हँडलं, बिल्ले बहुधा जस्ताच्या ओतीव धातूचे असतात. साध्या प्लेटिंगवाल्याने ते लोखंडासारखे अ‍ॅसिडात टाकले की विरघळतात. जो आधी तांब्याचा थर देतो आणि खड्डे भरून पॉलिश करतो त्याच्याकडेच द्या, आधी एक बिनमहत्त्वाचा तुकडा देऊन बघा. एखादं हँडल नसेल तर दुसऱ्या बाजूच्या हँडलवरून पितळेत ओतून घेता येतं. थंड होताना पितळ आकसतं, म्हणून साचा थोडा मोठा करावा लागतो. पॅटर्नवाल्याला ते सांगावं लागत नाही, पण विचारून घ्या.

मूळ गाडी कशी दिसते हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आहे, गोंडलला राजघराण्याचा. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात ‘२१ गन सॅल्यूट’ हा जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, असं काही पुन्हा झालं तर कॅमेऱ्यासोबत मोजपट्टीही न्या. मालकांना विचारलंत तर ते आनंदाने बॉनेट उघडतात.

ठेवायची कुठे

बेसमेंट पार्किंगमध्ये नको, हे बडोद्यात तरी वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा नव्या गाड्यांना निदान विम्याने हात दिला. तुमच्या प्लिमथची अपहोल्स्ट्री कुठला विमा परत आणणार? नदीपासून लांब, जोत्यावरचं, हवा खेळणारं शेड भाड्याने घ्या. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतं. सुती चादर बरी. बॅटरीची एक वायर काढून ठेवा, उंदरांसाठी पिंजरा लावा, पंधरा दिवसांनी एकदा इंजिन पुरं गरम होईपर्यंत चालवा. दोन मिनिटं चालवून बंद करण्यापेक्षा न चालवलेलं बरं, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

पहिली लांब फेरी पावागडच्या पायथ्यापर्यंत करा. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात आणि हालोल रोडवर ओढायला क्रेनही मिळते. पहाटे निघा, वेग साठच्या आत. वाटेत एकदा थांबून चारही ड्रमना हात लावून बघा: एखादाच जास्त गरम असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय. परत आल्यावर चाकांचे बोल्ट पुन्हा आवळा, डावीकडचे उलटे.